कोकण रेल्वेवर गाड्या, क्रॉसिंग आणि दुरुस्तीची कामं कशी पाहावीत

कोकण रेल्वेने पहिल्यांदा जाणारा माणूस समुद्र दिसेल म्हणून खिडकीची जागा पकडतो, आणि महाराष्ट्रात तरी तो त्याला जवळजवळ दिसतच नाही. मार्ग किनारपट्टीचा असला तरी रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत रूळ डोंगर आणि खाड्या यांच्या मधल्या पट्ट्यातून जातात. डोंगर कापून केलेली कटिंग, बोगदा, पूल, परत कटिंग. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरमध्ये नव्वदीच्या वर बोगदे आहेत आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल.

रेल्वेप्रेमीसाठी या मार्गाचं खरं वैभव दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे एकेरी मार्गामुळे पडणारी क्रॉसिंगं, म्हणजे समोरासमोरच्या दोन गाड्यांनी स्टेशनात एकमेकींना ओलांडणं. दुसरी म्हणजे डोंगराने रूळ गिळू नयेत म्हणून बारा महिने चालणारी कामं. इंजिनांचे फोटो कुठल्याही मोठ्या स्टेशनात मिळतात, पण या दोन गोष्टी इतक्या जवळून पाहायला इथेच यावं लागतं. त्या कशा पाहायच्या, ते क्रमाने सांगतो.

आधी हंगाम ठरवा

एप्रिल-मे हा कामं पाहण्याचा काळ. पावसाआधी कटिंगच्या माथ्यावरचे चर आणि रुळालगतचे नाले साफ होतात, सुटे दगड उतरवले जातात, जाळ्या तपासल्या जातात. ऊन कडक असतं, पण प्रत्येक दोन-तीन स्टेशनांमागे कुठे ना कुठे माणसं किंवा यंत्रं दिसतात.

जून ते ऑक्टोबर हा पहाऱ्याचा काळ. या दिवसांत वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं चालायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. म्हणून निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा पाहाच, कारण वेळापत्रक बदललं की क्रॉसिंगची स्टेशनंही बदलतात. दरडींच्या पट्ट्यात वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास उतरवतात, आणि पावसाने समोरचं दिसेनासं झालं तर ४० वर यायची सूचना असते. मडगावची वंदे भारतसुद्धा २०२३ पासूनच्या पावसाळ्यांत आठवड्यातून तीनच दिवस धावली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा स्वच्छ असते, उजेड तिरपा आणि मऊ पडतो, गाड्या पूर्ण वेगात असतात. फोटो हाच हेतू असेल तर हे महिने घ्या. मला स्वतःला जूनचा शेवट सगळ्यात आवडतो, कारण तेव्हा रेल्वे आणि डोंगर दोघेही जागे असतात.

स्टेशन निवडताना

रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. तिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींसाठी थांबत नाहीत. क्रॉसिंग पाहायचं असेल तर वीरच्या दक्षिणेला उतरा.

नवख्याने चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवली घ्यावं. प्लॅटफॉर्म लांब, खायलाप्यायला मिळतं, बहुतेक गाड्या थांबतात, परतीची सोय सहज होते. रत्नागिरी हे कोकण रेल्वेच्या दोन विभागांपैकी एकाचं मुख्यालय आहे, दुसरं कारवार. त्यामुळे तिथे बाजूच्या रुळांवर, साईडिंगला, देखभालीची वाहनं, ओव्हरहेड वायर दुरुस्त करायची टॉवर वॅगन, अपघात मदतीची वैद्यकीय गाडी असं बरंच काही उभं दिसतं.

थोडा सराव झाला की लहान स्टेशनाकडे वळा. उक्षी, निवसर, आडवली, विलवडे ही नावं वेळापत्रकात पटकन डोळ्यांत भरत नाहीत, पण एकेरी मार्गाचा श्वास तिथेच कळतो. २०१९ नंतरच्या काही वर्षांत कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे अशी नवी स्टेशनं मार्गात घातली गेली. दोन स्टेशनांमधलं अंतर कमी केलं की गाड्यांना एकमेकींसाठी कमी ताटकळावं लागतं, हा त्यामागचा हिशेब. अशा ठिकाणी बहुधा दिवा–सावंतवाडीसारखी पॅसेंजरच थांबते. तेव्हा परतीचं आधी ठरवा. एसटी जवळून जाते का, रिक्षावाला परत न्यायला येईल का, हे विचारूनच उतरा. पाणी आणि डबा बरोबर हवाच. पावसाळ्यात बूट बंद हवेत, कारण गवतात जळवा आणि साप दोन्ही असतात.

क्रॉसिंगचा अंदाज कसा बांधायचा

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या भागात एका वेळी एकच गाडी असते. समोरून येणारी दुसरी असेल तर दोघींपैकी एकीला कुठल्यातरी स्टेशनात बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाईनवर, घेऊन थांबवतात आणि दुसरी मेन लाईनवरून निघून जाते. कुणाला कुठे थांबवायचं हे नियंत्रण कक्षातला कंट्रोलर ठरवतो. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल हे बाहेरून ओळखणं हा या छंदातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

वहीच्या पानावर मध्यभागी तुमचं स्टेशन लिहा, वर मुंबईकडची आणि खाली मडगावकडची पाच-सहा स्टेशनं. मग रेल्वेच्या चौकशी ॲपवरून पुढच्या तीन तासांत दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या आता कुठे आहेत ते त्या त्या स्टेशनासमोर मांडा. दोन स्टेशनांमधल्या धावण्याचा वेळ वेळापत्रकातून काढा. दोन गाड्यांच्या वेळा जिथे एकमेकींना छेदतात, क्रॉसिंग त्याच्या आसपासच्या एखाद्या स्टेशनात पडणार.

थांबणार कोण, याचा ठोकताळा सोपा आहे. राजधानी, वंदे भारत, तेजस, जनशताब्दी यांना शक्यतो वाट मोकळी देतात. मालगाडी आणि पॅसेंजर साईडला जातात. मत्स्यगंधा, नेत्रावती, मांडवी, कोकणकन्या यांच्यात मात्र त्या दिवशी वेळेवर कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. उशिरा धावणाऱ्या गाडीने आपली ठरलेली जागा गमावलेली असते, म्हणून तिला आणखी थांबावं लागतं आणि ती आणखी उशिरा होते. प्रवासी वैतागतात ते इथेच. पण कागदावर मांडून पाहिलं की कंट्रोलरपुढे दुसरा मार्ग किती कमी असतो ते दिसतं.

ॲपवरच्या वेळेवर मिनिटामिनिटाचा विश्वास ठेवू नका. गाडी स्टेशनातून सुटल्याची नोंद खरी धरा, पुढच्या स्टेशनची वेळ हा अंदाज आहे.

रो-रो गाडी दिसली तर दिवस सार्थकी लागला समजा. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेणारी ही सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा सुरू केली. ट्रकचे चालक आपापल्या केबिनमध्ये बसलेले असतात आणि अख्खी रांग रुळावरून जाते.

क्रॉसिंग घडताना काय पाहायचं

प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे, पण पांढऱ्या-पिवळ्या रेषेच्या आत, उभे राहा. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीसाठी असतो तो होम सिग्नल. तो पिवळा आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ पेटलेली असेल तर गाडी लूपला येणार. एका लाईनवरून दुसरीवर नेणाऱ्या सांध्यांवरून गाडी हळू वळत आत येते आणि थांबते. तिचा शेवटचा डबा सांध्याच्या पलीकडे पूर्ण आत आला की पुढची हालचाल सुरू होते.

आता कान उघडे ठेवा. समोरच्या टोकाचे सांधे मेन लाईनला लागतात तेव्हा मोटारीची घरघर आणि शेवटी खट् असा आवाज येतो. सांधे जुळून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही, म्हणजे गाडीला वाट मिळतच नाही. थोड्या वेळाने दुरून हॉर्न येतो.

धडधडत जाणाऱ्या गाडीकडेच सगळे बघतात. तुम्ही एकदा फक्त माणसांकडे बघा. स्टेशन मास्तर किंवा सांधेवाला हिरवा झेंडा धरून प्लॅटफॉर्मवर उभा असतो, दुसरा कर्मचारी गाडीच्या पलीकडच्या बाजूला. दोघे गाडीच्या दोन्ही अंगांवरून नजर फिरवतात. कुठे काही लोंबकळतंय का, एखादं चाक चिकटून घासतंय का, ॲक्सलमधून धूर येतोय का. इंजिनातून लोको पायलट झेंड्याला उत्तर देतो, शेवटच्या डब्यातून ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा गार्ड. सगळं ठीक असल्याची ही देवाणघेवाण काही सेकंदांत उरकते. त्यानंतर मास्तर वळून न जाता थांबतो. तो शेवटच्या डब्यामागचा ‘एलव्ही’ (लास्ट व्हेईकल) फलक, आणि रात्री तिथला लाल दिवा, पाहत असतो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत एखादा डबा सुटून मागे राहिलेला नाही. ही खात्री झाल्यावरच मागचा भाग मोकळा धरतात.

मग लूपवरच्या गाडीसाठी सांधे फिरतात, सुटायची परवानगी देणारा स्टार्टर सिग्नल उतरतो, हॉर्न होतो आणि ती सुटते.

इंजिनांबद्दल थोडक्यात. मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधी इथे डिझेलचं राज्य होतं आणि चढावर त्यांचा आवाज दोन डोंगरांपलीकडून यायचा. आता डब्ल्यूएपी-७ सारखी विजेवरची इंजिनं येतात, आणि वायरला टेकणाऱ्या छतावरच्या पेंटोग्राफची सळसळ होईपर्यंत ती अनेकदा कळतच नाहीत. म्हणून कानावर विसंबून रुळाच्या जवळ जाण्याची जुनी सवय आता जिवावर बेतू शकते.

दुरुस्तीची कामं ओळखायला शिका

आधी डोंगर समजून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वरचा जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून झिरपत खालच्या मऊ, चिकट मातीच्या थरात जातं, तो थर फुगतो आणि अख्खा उतार सरकतो. जिथे काळा कातळ आहे तिथे भेगांत पाणी शिरून एकेक धोंडा सुटतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे सुट्टीतली विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्ष पुरं व्हायच्या आत, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला, तोही रुळावर आलेल्या धोंड्यांमुळेच. आज कटिंगमध्ये जे काही दिसतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे ही दोन वर्षं आहेत.

कटिंगमधून जाताना उताराकडे बघा. कातळावर पोलादी जाळी घट्ट बसवून ठोकलेली दिसेल, ती धोंडा अडवण्यासाठी. राखाडी सिमेंटचा फवारा मारलेला भाग म्हणजे भेगांत पाणी शिरू नये म्हणून दिलेला लेप. तारेच्या पेट्यांत दगड भरून रचलेली भिंत म्हणजे गॅबियन. ती पाणी जाऊ देते आणि माती धरून ठेवते, म्हणून मातीच्या उताराच्या पायथ्याशी तीच जास्त दिसते. काही ठिकाणी उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापून मंद केलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो तो माथ्यावरचा चर. तो खालून दिसत नाही. पण तो तुंबला तर खालची जाळीही फार काळ टिकत नाही.

रुळावरच्या माणसांत सगळ्यात आधी ओळखावा तो किमॅन. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंडे घेऊन तो रोज आपल्या ठरलेल्या टापूत चालतो. जाताना एका रुळाकडे लक्ष देत जातो, येताना दुसऱ्या. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी पँड्रोल क्लिप सैल झाली असेल तर तो ती जागच्या जागी ठोकून बसवतो. दुपारच्या शांततेत त्या हातोडीचा ठण् असा आवाज बराच लांब जातो.

पावसाळ्यात त्याच्या जोडीला गस्तवाले येतात. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात गस्तीसाठी सहाशेहून अधिक माणसं लावते आणि धोक्याच्या कटिंगांवर चोवीस तास पहारेकरी बसतात. रात्रीच्या गस्तवाल्याकडे दिवा असतो आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि लोको पायलट गाडी थांबवतो. आपल्या टापूच्या शेवटी पोचलेला गस्तवाला तिथे समोरून आलेल्या दुसऱ्याशी गस्तीची वही बदलतो. धो धो पावसात, काळोखात, दोन माणसं ठरल्या जागी भेटलीच पाहिजेत अशी ती व्यवस्था आहे. एवढ्या साध्या वहीने गस्तीची साखळी पक्की होते, याचं मला दर वेळी नव्याने कौतुक वाटतं.

माणसांच्या मदतीला उपकरणंही आहेत. माणगाव–वीर दरम्यान काळ नदीवर, वीर–सापे वामने दरम्यान सावित्रीवर आणि चिपळूण–कामथे दरम्यान वाशिष्ठीवर पुराची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती पुलांवर वाऱ्याचा वेग मोजतात.

यंत्रांपैकी बाहेरून पाहायला सगळ्यात सोपं टॅम्पिंग मशीन. लांबलचक, पिवळं, पोटाखाली लोखंडी दात असलेलं. ते रूळ स्लीपरसकट किंचित उचलतं, दात खडीत खुपसून थरथरवतं आणि स्लीपरखाली खडी दाबून बसवतं. मग चार पावलं पुढे. ते चालताना पाहायचं तर ब्लॉक, म्हणजे कामासाठी ठरावीक वेळ वाहतूक बंद, असलेला दिवस हवा. कोकण रेल्वे ब्लॉक आधी जाहीर करते. एकेरी मार्ग असल्याने ब्लॉकमध्ये दोन्ही दिशा बंद होतात, गाड्या मागच्यापुढच्या स्टेशनांत अडकतात आणि ब्लॉक सुटला की एकामागोमाग एक येतात. म्हणून ब्लॉकच्या भागाच्या लगतचं, लूप असलेलं स्टेशन गाठा. काम दुरून का होईना दिसतं, आणि नंतरचे दोन तास डोळ्यांना उसंत नसते.

ओव्हरहेड वायरचं काम टॉवर वॅगनवरून होतं. वायरचा प्रवाह बंद केल्यावरही कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लावल्याशिवाय कुणी हात लावत नाही. ते दांडे लावताना आणि काढताना नक्की बघा.

रुळावर लाल रंगाच्या फुल्या दिसल्या तर त्या अल्ट्रासॉनिक तपासणीच्या खुणा. पोलादाच्या आतले दोष डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून छोटी ढकलगाडी रुळावरून फिरवून ते शोधतात. एक फुली म्हणजे लक्ष ठेवायचं, तीन म्हणजे लवकरात लवकर बदलायचं.

काम चालू असलेल्या जागेआधी वेगमर्यादेचे पिवळे फलक लागतात. त्रिकोणावरचा आकडा म्हणजे ताशी किती किलोमीटर. पुढे गोल फलकावर ‘टी/पी’ आणि ‘टी/जी’ दिसतात, पहिला प्रवासी गाड्यांची मर्यादा संपल्याचा, दुसरा मालगाड्यांची. हे फलक कुठे लागलेत ते वहीत टिपत गेलात तर महिन्याभरात काम कुठून कुठे सरकलं याचा नकाशाच तयार होतो.

गाडीतून पाहणार असाल तर

दिवसाची गाडी घ्या. मांडवी त्यासाठी उत्तम. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यात शिरताना आणि निघताना घड्याळ पाहा, सरासरी वेग काढता येतो. बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे असतात, गाडी आली की आत काम करणारी माणसं त्यांत सरकून उभी राहतात. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो. गाडीतून तो झटकन निघून जातो, म्हणून रत्नागिरी सुटताच तयार राहा. दरवाजाच्या पायरीवर बसू नका, बोगद्यात आणि पुलावर बाजूला जागा फार कमी असते.

नियम, आणि काही दिसलं तर

प्लॅटफॉर्म तिकिटाची मुदत दोन तासांची असते. जास्त थांबायचं असेल तर स्टेशन मास्तरांना भेटून तसं सांगा. लहान स्टेशनात अनोळखी माणूस वही घेऊन बसला की त्यांना चौकशी करावीच लागते, तेव्हा आपणच आधी जावं. रुळावर उतरणं, पुलावर किंवा बोगद्यात चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. उक्षीजवळ रानपाटच्या धबधब्यासाठी लोक रुळावरून चालतात, तुम्ही चालू नका.

ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात. दोन मीटरच्या आत काहीच जाता कामा नये. पादचारी पुलावर सेल्फी स्टिक आणि छत्री जपून. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा. रात्री टॉर्च हलवू नका, कारण जोरजोराने हलणारा कुठलाही दिवा लोको पायलट धोक्याची खूण मानतो. लाल ओढणी, लाल छत्री घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहणंही टाळा. सिग्नलची यंत्रणा असलेली रिले रूम किंवा सिग्नलचं पॅनेल यांचे फोटो काढू नका. सुरक्षा दलाच्या जवानाने नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. कामावरच्या माणसाला हाक मारून बोलायला लावू नका, त्याचं लक्ष रुळावर असू दे.

बराच वेळ लाईनकडे बघणाऱ्याला कधीतरी खरोखरच काहीतरी वावगं दिसतं. नाल्यातून रुळाखाली घुसणारं पाणी, उतारावर नवी पडलेली भेग, मालगाडीखाली लोंबणारा दांडा. अशा वेळी फोटो राहू द्या. स्टेशनात असाल तर धावत मास्तरांकडे जा, बाहेर असाल तर १३९ ला फोन लावा. जागा सांगण्यासाठी ओव्हरहेड वायरच्या जवळच्या खांबावरचा आकडा वाचा. त्यात तिरप्या रेघेआधीचा आकडा किलोमीटरचा आणि नंतरचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा असतो. ‘कटिंगच्या अलीकडे’ यापेक्षा तो आकडा कितीतरी उपयोगी पडतो. आणि गाडी तेवढ्यात समोरून येताना दिसलीच, तर रुळापासून लांब, पण लोको पायलटला दिसेल असं उभं राहून दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा. रेल्वेच्या नियमात झेंडा नसताना दिवसा थांबण्याची खूण तीच आहे.